हत्तीचे सहा महिने

हेमा! सातवीतल्या मुलीचं हे काय नाव झालं? वर्गात सान्वी होती, आराध्या तर दोन होत्या. हेमा नावाच्या फक्त ऋजुताच्या आईच्या बँकेतल्या एक निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. पण जूनमध्ये ही मुलगी डोंबिवली सोडून ठाण्याला आली, नौपाड्यातल्या या शाळेत दाखल झाली, मोघे बाईंनी नाव विचारल्यावर खणखणीत आवाजात सांगून मोकळी झाली आणि वर हसून म्हणाली, "आजीचं ठेवलंय." झालं! सगळ्या वर्गाला ती आवडली. ऋजुताला आवडली नाही. का आवडली नाही ते तिला त्या दिवशी सांगता आलं नसतं. जुलै संपेपर्यंत मात्र अगदी मुद्देसूद सांगता आलं असतं.

मुद्दा एकच होता, जागृती. कोलशेतची जागृती भोईर ही ऋजुताची मैत्रीण होती, आणि यातल्या 'ऋजुताची' या शब्दावर जोर द्यायचा. पाचवीपासून दोघी एका बाकावर. जागृतीच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता बावीस मजल्यांचा टॉवर उभा होता आणि भोईर मंडळी त्याच्या चौदाव्या मजल्यावर राहत होती. आजीने तिथेही गॅलरीत काकडीचा वेल चढवलेला. ऋजुता गेली की आजी म्हणायची, "यं गो, बामनाची पोर, बस," आणि ताट भरून खायला घालायची. आणि हे घर बघायला ऋजुताला अख्खं एक वर्ष थांबावं लागलं होतं. हेमा गेली पंधरा दिवसांत! दोघी खो-खोच्या संघात होत्या, सरावाला उशीर झाला, जागृतीचा धनेशकाका बुलेटवर न्यायला आला आणि दोघींना घेऊनच गेला. दुसऱ्या दिवशी हेमा वर्गभर सांगत सुटली, "काय व्ह्यू आहे यार तिच्या घरून! खाडी दिसते!" खाडी ऋजुतालाही दिसली होती. तिने कधी गाजावाजा केला नव्हता.

मग एक दिवस दोघी सारखेच हिरवे हेअरबँड लावून आल्या.

"तुला पण आणलाय," जागृती दप्तरातून तिसरा काढत म्हणाली.

"मला हिरवा शोभत नाही," ऋजुता म्हणाली. तिला हिरवा छान शोभत होता. पण तिसरी म्हणून मिळालेली वस्तू घ्यायला तिचा हात पुढे होईना. घरी गेल्यावर तिला त्या हेअरबँडवरून रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

तरीही एक गोष्ट अजून फक्त त्या दोघींची होती, आणि ती होती भोंडल्याची.

या शाळेत नवरात्रात मुलींचा भोंडला व्हायचा. सहामाही परीक्षा तोंडावर असल्याने नऊ दिवसांचे मोघे बाईंनी तीन केले होते. शेवटच्या तासाला हॉलमध्ये पाटावर पुठ्ठ्याचा रंगवलेला हत्ती उभा करायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि मग खरी मजा, खिरापत. रोज सहा मुलींनी घरून खाऊ आणायचा, पण डब्याचं झाकण उघडायचं नाही. बाकीच्यांनी तो ओळखायचा. डबा हलवून आवाज ऐकायला परवानगी होती आणि प्रश्न एकच विचारायचा, गोड की तिखट? जिची खिरापत कुणालाच ओळखता यायची नाही तिला शेवटच्या दिवशी तो हत्ती घरी न्यायला मिळायचा. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलांना त्यात काय एवढं असं वाटायचं, पण हत्तीसाठी मुली जीव टाकायच्या.

पाचवीतच दोघींनी करार केला होता. आपापली खिरापत एकमेकींना आधी सांगायची, आणि ओळखायची वेळ आली की मुद्दाम "पाणीपुरी!" म्हणून ओरडायचं. सगळ्या हसायच्या. या दोघी जास्तच हसायच्या, कारण त्यांना का हसतोय ते माहीत होतं. सहावीत दोघींच्याही खिरापती कुणाला ओळखता आल्या नाहीत. एका हत्तीचे दोन तुकडे करायचे कसे? तेव्हा जागृतीनेच तोडगा काढला. सहा महिने हत्ती नौपाड्यात राहील, सहा महिने कोलशेतला. गुढीपाडव्याला ती धनेशकाकाच्या मागे बुलेटवर बसून, हत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायला आली होती. ऋजुताच्या आईने दोघींना श्रीखंड-पुरी वाढली होती आणि हत्तीलाही नैवेद्य दाखवला होता.

यंदा भोंडल्याच्या आदल्या रविवारी दोघी तलावपाळीच्या कठड्यावर बसल्या. हेमा नव्हती. ऋजुताला फार दिवसांनी मोकळा श्वास घेता आल्यासारखं वाटलं.

"माझं मंगळवारी. आजी काकडीचं धोंडस करणार आहे," जागृती म्हणाली. "काकडी किसून, रवा-गूळ घालून. केकसारखं लागतं. कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही."

"माझं बुधवारी. टोमॅटोच्या वड्या."

"गोड?"

"गोड!"

"अगं, मग आपली दोघींची मिळून कोशिंबीर झाली की!" जागृती म्हणाली, आणि त्यावर दोघी इतक्या हसल्या की शेजारी बसलेले आजोबा उठून दुसरीकडे जाऊन बसले. मग ऋजुताने जरा सांभाळूनच विचारलं, "हेमाला नाही ना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? हे आपलं आहे."

एवढ्यावर ऋजुताला दोन दिवस सहज ढकलता आले असते. पण मंगळवारी सकाळी ती वर्गात शिरली तेव्हा जागृती आणि हेमा मागच्या बाकावर स्टीलच्या डब्यावर वाकून काहीतरी कुजबुजत होत्या. तिला बघताच जागृती धावत पुढे आली.

"ऋजू, ऐक ना, घरी काय झालंय माहितीये..."

"मला इतिहासाचं वाचायचंय."

"दोन मिनिटं गं. डब्याचं..."

"तुझ्या हेमाला सांग ना. तिला सगळं सांगतेसच की."

जागृती खांदे उडवून निघून गेली. ऋजुताने पुस्तक उघडलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत एक अक्षरही वाचलं नाही.

शेवटच्या तासाला फेर धरला, गाणी झाली. चार खिरापती लगेच ओळखल्या गेल्या, कारण भडंग आणि शंकरपाळे यांच्या पलीकडे बऱ्याच घरांची मजल जात नाही. पाचवा डबा जागृतीचा होता.

"गोड की तिखट?"

"गोड."

जागृतीने डबा हलवला. आत काहीतरी खडखडलं. धोंडस खडखडत नाही; मऊ, ओलसर वस्तूचा आवाज कसा येईल? एरवी हे सगळ्यांत आधी ऋजुताच्या लक्षात आलं असतं. पण तिचं लक्ष डब्याकडे नव्हतंच. ती हेमाकडे बघत होती.

कुणी लाडू म्हणालं, कुणी चिक्की म्हणालं. मग हेमाने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "शेवपुरी!"

सगळ्या खो-खो हसल्या. गोड आहे म्हटल्यावर शेवपुरी! जागृतीही हसली, अगदी डोळे मिटून हसली.

ऋजुता हसली नाही. शेवपुरी! म्हणजे पाणीपुरीचीच बहीण. म्हणजे हिलाही करार सांगितलाय. हिलाही धोंडस माहीत आहे आणि ही मुद्दाम चुकतेय, जशी आपण चुकतो तशी. खाडी दिली, हेअरबँड दिला, आता हेही देऊन टाकलं! तिच्या कानांतून गरम वाफा निघाल्यासारखं झालं आणि काय करतोय ते कळायच्या आत ती उभी राहिली.

"काकडीचं धोंडस!"

कुणीतरी फिसकन हसलं. "काकडीचं? गोड?"

मोघे बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय गं जागृती, बरोबर आहे का?"

जागृती ऋजुताकडे बघत होती. रागाने नाही. आपल्याच घराचं दार आतून लागलेलं दिसावं तशी ती बघत होती.

"नाही, बाई," ती म्हणाली.

मुलींनी ऋजुताची यथेच्छ टिंगल केली. काकडीचं गोड, मिरचीची खीर, लसणाचा शिरा, जिला जे सुचेल ते. शेवटी सगळ्यांनी "हरलो" म्हटलं आणि जागृतीने झाकण काढलं. आत तांदळाच्या पिठाची, गूळ घालून तळलेली बोरं होती, लग्नाकार्यात त्यांच्याकडे करतात ती. जागृतीने प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन ठेवली. ऋजुताच्याही हातावर दोन ठेवली. ना एक कमी, ना एक जास्त.

"धोंडस करपलं रात्री," ती हळूच म्हणाली. "तेच सांगत होते सकाळी."

अख्ख्या हॉलमध्ये ऋजुताने काय केलं ते एकाच मुलीला कळलं होतं, आणि ती पुढच्या मुलीकडे निघून गेली होती.

त्या संध्याकाळी ऋजुताने चार वेळा आईचा फोन घेतला आणि चार वेळा खाली ठेवला. तिकडे आई टोमॅटोचा गर आणि खोबरं आटवत होती. घरभर वास सुटला होता. "नवीन काहीतरी कर ना, दुसरं काहीतरी," ऋजुता म्हणाली. आईने उलथनं हातात धरूनच तिच्याकडे बघितलं. बँकेतून येऊन उभ्या उभ्या वड्या करणाऱ्या बाईच्या त्या बघण्यावर उत्तर नसतं.

बुधवारी तिचा डबा पुढे आला. जागृतीला सगळं माहीत होतं. तिने फक्त तीन अक्षरी एक भाजी उच्चारायची होती, फिट्टंफाट झाली असती. खरं सांगायचं तर तिने ती उच्चारावीच असं ऋजुताला मनापासून वाटत होतं. एकदा बोलून टाक आणि मग आपण परत बोलू. अंदाज येत राहिले. बर्फी, सुतरफेणी. हेमा म्हणाली, "गाजर हलवा," आणि तोंड वेंगाडून बसली.

"जागृती, तू?" बाईंनी विचारलं.

जागृती उभी राहिली. "पाणीपुरी," ती म्हणाली.

मुली हसल्या. दरवर्षीचंच म्हणून हसल्या. जागृती हसली नाही. करार होता तो तिने पाळला आणि खाली बसली.

वड्या वाटून झाल्यावर चपला घालायच्या गर्दीत ऋजुताने तिला गाठलं. "सॉरी. मला वाटलं तू हेमाला सांगितलंस. ती शेवपुरी म्हणाली ना, म्हणून..."

"हेमाला काहीच माहीत नव्हतं. तिला सगळ्यांनी सांगितलेलं, तू दरवर्षी पाणीपुरी म्हणतेस आणि मजा येते. म्हणून ती शेवपुरी बोलली."

"मग काल सकाळी डब्यावर काय कुजबुजत होतात?"

"झाकण अडकलेलं. ती चमच्याने सैल करून देत होती. आणि डब्यात काय आहे ते विचारत होती. मी सांगितलं नाही." जागृतीने चपलेचा पट्टा ओढला. "एक विचारू? चुकलीस म्हणून सॉरी म्हणतेयस. धोंडस खरंच असतं तर म्हणाली असतीस?"

ऋजुताने तोंड उघडलं. हो म्हणायला हवं होतं. पण काल ती उभी राहिली तेव्हा तिला कसं वाटलं होतं ते तिला आठवत होतं. जिंकल्यासारखं वाटलं होतं. आणि हेअरबँडनंतर जागृतीशी आणखी एक खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"जागृती, ऋजुता, इकडे या," मोघे बाईंनी हाक मारली. त्यांच्या हातात यंदाचा हत्ती होता, सोंडेत कमळ घेतलेला, झुलीवर टिकल्या चिकटवलेला. "यंदाही तुम्हीच दोघी. मग गेल्या वर्षीसारखं करायचं ना? सहा महिने हिच्याकडे, सहा महिने तिच्याकडे?"

ऋजुताने मोठ्या आशेने जागृतीकडे बघितलं.

"ऋजुतालाच राहू दे, बाई," जागृती म्हणाली. "वर्षभर."

फाटकाबाहेर धनेशकाकाची बुलेट उभी होती. जागृती मध्ये बसली, मागे हेमा बसली, आणि तिघंही निघून गेली. ऋजुता हत्ती दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत घरी आली. पुठ्ठा मोठा होता, वाटेत दोनदा लोकांना लागला, दोनदा ती सॉरी म्हणाली.

आईने दार उघडलं आणि हत्ती बघून तिचा चेहरा फुलला. "अरे वा! यंदा परत आपल्याकडे आधी?" तिने लगेच हत्ती टांगायला टीव्हीच्या बाजूची भिंत मोकळी करायला घेतली. "पाडव्याला जागृती येईल न्यायला, तेव्हा या वेळी आजीलाही बोलवूया गं तिच्या. काय?"

"ती नाही येणार," ऋजुता म्हणाली. "खिळा पक्का ठोक."