चिमूटभर कातडी

आई जाऊन काही महिने झाल्यावर तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला. "ताई, मॅडमच्या गोठवलेल्या पेशींची शेवटची कुपी उरलीय. वितळवू का?" ही आईची शेवटची विद्यार्थिनी. आई तिला 'घाईगडबड' म्हणायची.

प्रयोगासाठी निरोगी माणसाची त्वचा हवी होती आणि कुणी देईना, तेव्हा आईने स्वतःच्या दंडाची चिमूटभर दिली होती; या पेशी त्यातूनच वाढवलेल्या. बाबा म्हणाले होते, "आता कातड्याचे जोडेही करून दे त्यांना." आईने जन्मभर एकाच प्रथिनाचा पिच्छा पुरवला, थायोरेडॉक्सिनचा. श्वासावर जगायचं म्हणजे पेशीत थोडा गंज चढणारच. दुसऱ्या प्रथिनांवरचा गंज हे स्वतःवर घेतं, मग आणखी कुणीतरी याला घासूनपुसून पुन्हा कामाला लावतं. "घरकामच ते," आई म्हणायची, "केलेलं दिसत नाही, राहिलेलं दिसतं."

मी वितळव म्हणाले. पेशी जगल्याचं कळलं तशी बघायला गेले. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, निमुळत्या पेशी बशीला बिलगून पसरल्या होत्या.

"आता यांना गंज चढवणारं थोडं पेरॉक्साइड द्यायचं," घाईगडबड म्हणाली. "गंजाचा धोका दिसला की ते प्रथिन केंद्रकात धावतं का, बघायचंय. मॅडमचं तेवढंच राहिलंय."

"आणि पेशी?"

"बघायचं तर आधी औषधाने जागच्या जागी थिजवाव्या लागतात. मग त्या जिवंत राहत नाहीत."

"नाहीच केलं तर?"

"थकल्यात त्या, ताई. नव्या होत नाहीत आता. काही आठवडे राहतील, एवढंच."

मी पुन्हा डोळा लावला. तिचं जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते सोडवेना.

"आई काय म्हणाली असती?"

"मॅडम?" तिने आईचा आवाज काढला. "'बघत काय बसलीस, लोणचं घालायचंय का त्यांचं?'"

मला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी. "कर सुरू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पेशी आल्या. प्रथिनाला लावलेला हिरवा रंग पेशीभर फिकट होता. मधल्या गोल केंद्रकात मात्र तो दाटून आला होता.

"धावलं की हो!" घाईगडबडने माझा खांदा गदागदा हलवला.

बाबांना तिथूनच फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "दुखलं तर नसेल ना तिला?"

"नाही, बाबा. कामात होती."