सासऱ्यांच्या नावाचा पतंग

“अगं सूनबाई, धाव! माझा निघाला!”

सासऱ्यांची हाक ऐकून ती धावत आली. बाल्कनीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात, रिकाम्या कोषाला लटकून, एक पतंग ओले पंख सुकवत होता. पुढचे पंख करडे, मागच्या पंखांवर पिवळा ठिपका. हुबेहूब तोच.

संग्रहालयात किडे ओळखायचे, ही तिची नोकरी. सासरे रखवालदार होते तेव्हा फाटकाच्या दिव्यावरचा असाच एक पतंग त्यांनी काडेपेटीत घालून तिला आणून दिला होता. तसला कुठेच नोंदलेला नव्हता, म्हणून तिने नवी प्रजाती जाहीर केली आणि हौसेने सासऱ्यांचं नाव दिलं. झालं! तेव्हापासून न्हाव्याच्या दुकानात म्हातारबुवांचा रुबाब काही विचारू नका.

पण तसला दुसरा पतंग पुन्हा कुणाला म्हणून सापडला नाही. ही खरंच नवी प्रजाती आहे ना, ही शंका तिचं डोकं खाऊ लागली. संग्रहालयातले तिचे साहेब म्हणाले, “कशाला उकरून काढताय? कोण बघतंय?” तिने ऐकलं नाही. एका करड्या प्रजातीची मादी आणि पिवळ्या ठिपक्याच्या दुसऱ्या प्रजातीचा नर, दोन्ही अगदी नेहमीचे, तिने घरीच एका पिंजऱ्यात ठेवले. “पतंगांची लग्नं लावतेय आमची सून!” म्हणत सासरे गावभर हसले. अळ्यांसाठी पाला आणायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

“बाबा, बसा जरा.”

“बसतोय कसला! फोटो काढ आधी.”

“ही वेगळी प्रजाती नाहीये, बाबा. दोन प्रजातींचा संकर आहे. तुम्ही पकडला होतात तोही असाच. चूक माझी झाली. ती मला छापून कबूल करावी लागेल, आणि तुमचं नाव जाईल.”

सासरे पिंजऱ्यापाशी वाकले.

“आणि नाही छापलंस तर?”

“तर कुणाला कळणारही नाही.” तिला रडू येत होतं. “पण मी छापणार आहे.”

“आता न्हाव्याला काय सांगू गं मी?” एवढंच पुटपुटून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली, तोच सासरे बाहेरून आले. हातात ताजा पाला होता.

“दोन अळ्या अजून खातायत,” ते म्हणाले. “तू लिही.”

मग रोजच्यासारखं एकेक पान सदऱ्याला पुसून ते पिंजऱ्यात ठेवू लागले.