समुद्रफळाची रोपं

वसईजवळच्या उमेळ्यातल्या दिवाकर आणि चंद्रकांताच्या वाडीमागून एक ओहोळ वाहतो आणि पुढे खाडीला मिळतो. वाहतो म्हणायचं एवढंच. कित्येक वर्षं तो जलपर्णीनं गच्च भरलेला होता आणि काठावर बेशरमीचं रान माजलं होतं. चंद्रकांता लग्न होऊन आल्यापासून सांगत होती, "जरा मागची बाजू साफ करून घ्या हो, डासांनी जीव नकोसा होतो." दिवाकर मुंबईच्या नोकरीतून थकून यायचा, "बघू" म्हणायचा आणि बघायचा नाही.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी ओहोळापलीकडच्या शर्लीबाईही माणिकपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्या. दोघं लहानपणी एका वर्गातली. एका सकाळी त्यांनी पलीकडून हाक मारली, "दिवाकर, येतोस का? ही जलपर्णी एकटीला ओढवत नाही."

आणि तो गेला. बायकोच्या सांगण्यानं जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं, ते त्या एका हाकेनं झालं.

मग रोजच जायला लागला. दोघं दाताळ्यांनी जलपर्णी काठावर ओढत. बेशरमीची खोडं मुळासकट खणून दूर नेऊन वाळवत, कारण तिचा तुकडा ओलीत पडला की पुन्हा रुजतो. चंद्रकांता मागच्या दारातून बघायची. चिखलात जाताना हा माणूस इस्त्रीचा शर्ट का घालतो, हे तिला कळत नव्हतं. घरात चहात साखर कमी पडली तर कप बाजूला सारणारा दिवाकर शर्लीबाईंच्या थर्मासमधला बिनसाखरेचा चहा मिटक्या मारत प्यायचा. आणि बोलायचा! काय बोलायचा ते ऐकू यायचं नाही, पण हात हलताना दिसायचे. जेवायला बसला की मात्र ताटाकडे बघून जेवायचा.

पावसाळ्यात शर्लीबाईंनी मोकळ्या झालेल्या काठावर समुद्रफळाची रोपं लावली. पूर्वी ह्या ओहोळावर ती झाडं होती, लाल फुलांचे लांब तुरे पाण्यावर लोंबायचे. शर्लीबाईंनी कुठून कुठून बिया आणून रंगाच्या जुन्या डब्यांत रुजवल्या होत्या. गणपती गेले, तोवर रोपांनी चांगला जीव धरला. एका रात्री जेवताना दिवाकर आपणहून बोलला.

"शर्लीच्या हाताला गुण आहे. एक रोप वाया गेलं नाही."

चंद्रकांताचा घास हातातच राहिला. हा मुंबईला असताना केळी कोणी जगवल्या? पानवेली कोणी चढवल्या? मोगरा कोणाच्या हातचा? तिनं त्याला आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी दिवाकर कामासाठी वसईला गेला. भर दुपारी, ऊन टळटळीत असताना, चंद्रकांता साडी खोचून ओहोळावर उतरली. तिनं पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. एकेक करत ती काठानं पुढे सरकत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं बाई, वहिनी! तुम्ही आलात?"

शर्लीबाई बादली घेऊन उभ्या होत्या. चंद्रकांताच्या मुठीतली रोपं त्यांनी बघितली. "अहो, ही उपटायची नाहीत. बेशरमीची पोरं वाटली का तुम्हाला? नवीन माणसाचं होतं असं. मी दाखवते कशी ओळखायची ते."

हो म्हटलं असतं तर सुटली असती. पण पानमळ्यात वाढलेल्या बाईला कोणी पान ओळखायला शिकवावं, हे तिला सोसलं नाही.

"मला समुद्रफळ कळतं. मी जाणूनबुजून उपटली."

शर्लीबाईंनी बादली खाली ठेवली. "का?"

"तुमची आहेत म्हणून."

शर्लीबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्यावर राग होता तर मला बोलायचं. ह्या रोपांनी काय केलं होतं तुमचं? उन्हात मरतील ती. लावा परत. आत्ता."

त्यांच्या आवाजात मास्तरीण होती, आणि चंद्रकांता खरोखरच खाली बसली. शर्लीबाई पाणी ओतत होत्या, ती हातांनी चिखल दाबत होती. शर्लीबाईंनी एक रोप खोल लावलं, तेव्हा तिच्यानं राहवेना. "एवढं नाही. गळा मोकळा ठेवा, नाहीतर कुजेल." शर्लीबाईंनी तिच्याकडे रागानंच बघितलं, पण रोप वर घेतलं.

दिवाकर परतला तो सरळ मागच्या दारी आला. "हे काय चाललंय?"

शर्लीबाई काही बोलायच्या आत चंद्रकांता म्हणाली, "मी उपटली होती. परत लावतेय."

"उपटली? वेड लागलंय का तुला?"

"माझ्या हाताला गुण आहे असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

दिवाकर शर्लीबाईंकडे बघायला लागला. त्या बादली भरण्यात गुंतल्या होत्या. शेवटी तो हळूच म्हणाला, "वाडी कोणामुळे उभी आहे, हे मला ठाऊक नाही का?"

"मग तसं म्हणायचं होतं."

चपला काढून तो पाण्यात उतरला आणि दुसऱ्या टोकाकडून रोपं लावायला लागला.

सगळी जगली नाहीत. चार दिवसांत बरीच माना टाकून काळी पडली. शर्लीबाई ती उचलायच्या, तेव्हा चंद्रकांता दुसरीकडे बघायची. माफी तिला मागता आली नाही. आपल्या परसातले डबे तिनं बिया रुजवायला नेऊन दिले, तेही दिवाकरच्या हातून नाही, स्वतः.

आता सकाळी दिवाकर बाहेर पडताना दारात थांबतो. "येतेस ना?" पलीकडून शर्लीबाईंची हाक येते, "दिवाकर, ए दिवाकर!" चंद्रकांता मोगऱ्याला पाणी घालत असते. हाक पुन्हा येते. ती हंडा सावकाश रिकामा करते, पदर खोचते, आणि नवऱ्याच्या पुढे होऊन म्हणते, "चला. आणि तो शर्ट बदला आधी."