शिडाच्या होड्या

"दर वेळी मीच का चढायचं स्टुलावर? चित्र माझ्या बापाचं आहे म्हणून?" नवरा वरून कुरकुरला.

"म्हणूनच," स्टूल धरून उभी असलेली बायको म्हणाली. "माझ्या बापानं असलं काही केलं असतं तर मी चढले असते. डावीकडून खाली घे."

एरवी ते चित्र कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं असायचं, शिक्षा झालेल्या पोरासारखं. सासू-सासरे येणार म्हटलं की बाहेर निघायचं, पुसलं जायचं, खिळ्यावर चढायचं. ते गेले की उतरायचं. भाड्याच्या घरांपासूनचा हा नेम. आता स्वतःचं घर झालं तरी सुटला नव्हता.

चित्रात शांत समुद्र आणि शिडाच्या होड्या. पाण्यावर एक सुरकुती नाही, पण शिडं मात्र गाल फुगवून बसलेली, मानपान न मिळालेल्या जावयांसारखी. आकाश कोणतं आणि पाणी कोणतं, हे मागचा हूक बघून ठरवायचं. सासरे म्हणायचे, "इम्प्रेशनिस्ट शैली आहे ही. जवळून नाही, लांबून बघायची." किती लांबून, ते कधी सांगत नसत. सुनेच्या अंदाजानं दोन गावं तरी मध्ये हवीत.

जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांना घाम फोडलेला हा माणूस. कुणाला रतीभर सूट दिली नाही. निवृत्त झाल्यावर कळलं की कलेत माप नसतं, आणि मग जो सुटला तो सुटलाच. सगळ्या नातलगांकडे एकेक समुद्र पोचला. सगळे म्हणाले, "वा!" कारण सासूबाई शेजारी बसलेल्या असायच्या; त्या माउलीला वाईट वाटेल म्हणून.

सासरे आले, चित्रासमोर थांबले, गहिवरले.

"बघितलंस?" ते सासूबाईंना म्हणाले. "दर्शनी जागी लावलंय पोरांनी!"

"हं," म्हणत सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. घरात शिरल्या की त्या तसंच करायच्या. डोळे थकले असतील, असं सून समजायची.

चहा होतोय तोवर सासऱ्यांनी पिशवीतून टेप काढला आणि समोरची मोठी भिंत मोजायला घेतली.

"एवढी आवड आहे तुम्हाला, तर फ्रेममध्ये कशाला कोंडायचं? ही अख्खी भिंत मी रंगवतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत होड्या!"

सुनेनं चहाचा ट्रे टेबलावर टेकवला. ती भिंत तिनं स्वतः खरवडली होती, भेगांत लांबी भरली होती, दोन हात पांढरा रंग दिला होता. रोज सकाळी तिच्यावर ऊन उतरायचं, ते बघत ती चहा प्यायची. उभ्या जन्मात तिच्या वाट्याला आलेली ही पहिली रिकामी जागा.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शूरवीर पंख्याची पाती मोजत होते.

"काय रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"मस्तच, बाबा," शूरवीर म्हणाले.

घ्या! करायला गेलो गणपती आणि झालं माकड, तेही आपल्याच खिळ्यावर टांगलेलं. सून पुढे झाली. "बाबा, ही भिंत..."

"काय भिंत?"

"छान... गुळगुळीत आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच जिभेची तिला किळस आली. नवऱ्याला नावं ठेवणारी आपण, आपण तरी काय दिवे लावले?

सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढून पांढऱ्या भिंतीवर पहिलं शीड ओढलं.

तेवढ्यात पर्सची चेन वाजली. सासूबाईंनी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. आधी खिळ्यावरचं चित्र पाहिलं, मग भिंतीवरची रेघ, मग सुनेचा चेहरा. त्या उठल्या, ट्रेमधला ओला फडका घेतला आणि ते शीड पुसून टाकलं.

"अगं, काय करतेस?"

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला चित्र काढता येत नाही."