असल्याही चालतात

"महापालिकेच्या शाळेला काय, असल्याही चालतात," असं बी.एड.च्या वर्गात दीनानाथ सर सगळ्यांदेखत मुक्ताईबद्दल म्हणाले होते. वऱ्हाडातून आलेल्या मुक्ताईनं तेव्हाच डूख धरला.

दहा-बारा वर्षांनी महापालिकेच्या शाळांसाठी गणिताचे शिक्षक तीच तयार करत होती. मंदीत हिंजवडीची आयटीतली नोकरी गेलेली सरांची लेक अपूर्वा शिक्षिका व्हायला तिच्याच हाताखाली आली. मग सर स्वतः विनवायला आले.

"पोरगी हुशार आहे हो. तिला सरावाला कोथरूडची एखादी चांगली शाळा द्या."

"आधी इथला पाठ तर बघू," असं गोड बोलून मुक्ताईनं सरांना महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं.

अपूर्णांक शिकवायला अपूर्वानं फळ्यावर पिझ्झा काढला. वर्ग ढिम्म. ती इंग्रजीत शिरली, मग पोरांवर खेकसली, शेवटी रडवेली झाली. मुक्ताई जागची हलली नाही. सरांच्या कानशिलावरून ओघळणारा घाम ती तास संपेपर्यंत मजेत बघत होती.

घंटा झाली तशी ती उठली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, न्या हिला कोथरूडला. महापालिकेच्या शाळेला असल्या चालत नाहीत."