चौथी रेघ

मित्रांनो, झुंबराकडे नको, जरा डावीकडे बघा. तीच मी, ओकची जुनी तुळई. वय साधारण चारशे. तरी घाबरलेली दिसतेय ना? कारण सांगते.

माझा जन्म इंग्लंडच्या एका शेतघरात झाला. तिथल्या सुतारांनी घराचा सांगाडा आधी जमिनीवर जुळवला, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रेघा ओढल्या आणि मगच तो उभा केला. चार रेघांच्या खांबावर चार रेघांचीच तुळई. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. मी चौथी. माझ्याखाली माणसं जेवली, भांडली. एक डुक्कर तर तीन हिवाळे पाहुणं राहिलं. कौतुक कुणी केलं नाही. पडेपर्यंत तुळईकडे बघतं कोण?

मग कुणाला तरी वाटलं, हे घर शारजात रेस्टॉरंट म्हणून शोभेल. खुंट्या काढून सगळं घर सुटं केलं आणि मी शारजातल्या हमरिया फ्री झोनच्या वर्कशॉपमध्ये उतरले. सोबतच्या जुळणीच्या नकाशाचा वाटेत भिजून लगदा झाला होता. वाळवंटात येताना भिजणारे आम्हीच.

सुपरवायझर तनिष शारजातच वाढलेला. तो म्हणाला, "सगळं सँड करा. थर्सडेला क्लायंट येतोय. लाकूड मोबाइलसारखं स्मूथ पाहिजे."

लाकूड घासायचं मशीन घरघरलं आणि माझी एक रेघ गेली. चारच्या तीन झाल्या.

"बंद कर रे ते!" गनीचाचा ओरडले. हे रत्नागिरीचे सुतार. यांचे आजोबा होड्या बांधायचे. माझ्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "ओरखडे नव्हेत हे. खुणा आहेत. आमच्या होडीच्या फळ्यांवर पण असायच्या, कुठली कुठं बसते ते कळायला."

"ओके चाचा, रिलॅक्स. तीन रेघा ना? तीनच्या खांबावर चढवा."

चढवलं. बसेना. चार बोटं जास्त.

"मग चार बोटं कापा, खलास!"

करवत आली. मित्रांनो, मला पाय असते तर मी समुद्र गाठला असता.

चाचांनी करवतीवर आपला जेवणाचा डबा ठेवला आणि डब्यावर हात. "तीनची तुळई ती काय तिथं पडलीय. मग हिच्यावर पण तीन कशा? हिची एक मशीनने खाल्ली. चारच्या खांबावर बघू."

"चाचा, टाइम नाहीये!"

"ती चारशे वर्षं थांबली. तू दहा मिनिटं थांब, हबीबी."

मला उचललं. माझं टोक खाचेत शिरलं आणि खुंटी एका ठोक्यात बसली. तनिषने डोकं खाजवलं आणि "सॉरी हं" म्हणाला. चाचांना नाही, मला. चारशे वर्षांत पहिल्यांदाच.

मग चाचांनी पटाशी घेतली आणि गेलेली रेघ पुन्हा ओढली. किंचित तिरकी आहे, पण खोल आहे.

म्हणून सांगते, जुन्या वस्तूवर ओरखडा दिसला तर तो पुसण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. सगळ्यांच्याच नशिबी गनीचाचा नसतात. इथलं कॉफीचं मशीन घरघरलं की अजून माझा जीव खुंटीत अडकतो आणि मी मनात मोजते: एक, दोन, तीन... आणि ही चाचांची.