आवाज चालतो, आत्या नको

रविवारी सकाळी बोरिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शिऱ्याचा वास दरवळत होता, आणि स्वयंपाकघरात उत्तराआत्या गुणगुणत विळीवर काकडी बारीक चोचवत होती. भाच्याचं, शौनकचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. आज घाणा भरायचा होता. पाच सवाष्णींनी मुसळ धरून हळद कांडायची आणि ओव्या गायच्या.

ओव्या येत होत्या त्या एकट्या आत्याला. आणि तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

शौनकची धाकटी बहीण ऋता गोरेगावहून एका दिवसापुरती घरी आली होती. तिथल्या एका नाट्यसंस्थेनं तिला रेसिडेन्सी दिली होती. सहा आठवडे राहायला खोली, तालमीला जागा, शिकवायला जाणती माणसं. अट एकच, शेवटी काहीतरी नवं उभं करून दाखवायचं. ऋतानं त्यासाठी आत्याच्या ओव्या घेतल्या होत्या. आत्याच्या आवाजातल्या एकतीस ओव्या तिच्या फोनमध्ये होत्या. पण "प्रयोगात तूच ये गायला" म्हटलं की आत्या हसून टाळायची, "मला कुठे गं उभी करतेस चारचौघांत!"

"ऋता, आत्याच्या ओव्या आहेत ना तुझ्याकडे? तो स्पीकर जोड," ऋताची आई, शुभाताई, म्हणाल्या.

"आत्या आत आहे की. जिवंत."

"हळू बोल. आवाज चालतो गं. पण ती स्वतः घाण्याला..."

"काय?"

"हे बघ, मी काही मानत नाही असलं. पण उगाच विषाची परीक्षा कशाला? पोराच्या संसाराचा प्रश्न आहे."

"बाबा, तुम्ही तरी बोला ना! बहीण आहे तुमची."

नंदकुमार मुसळाला आंब्याचा डहाळा बांधत होते. "बायकांच्यात मी काय बोलणार?"

ऋताचं डोकं भणभणलं. भांडायचं तरी कुणाशी? याच आईनं नणंदेला सन्मानानं घरी आणलं होतं, तिच्या ऑपरेशनला रजा काढून उशाशी बसली होती.

"लाव गं पोरी," आतून आत्याच म्हणाली. "आजच्या दिवशी वाद नको."

ऋतानं लावलं. तिथंच ती चुकली. जमलेल्या पाच जणींनी मुसळ उचललं आणि डब्याएवढ्या स्पीकरमधून आत्या गाऊ लागली:

हळकुंड फुटे बाई, मुसळाच्या गं घावानं
घाणा भरिते मी, बाळा तुझ्या गं नावानं

"काय गोड गळा! कोण गं ही?" शेजारच्या दर्शनानं विचारलं.

शुभाताई म्हणाल्या, "असंच... जुनं रेकॉर्डिंग आहे कुणाचं तरी."

आतलं चोचवणं थांबलं. ऋतानं स्पीकर बंद केला. मुसळ हवेतच राहिलं.

"अगं, पुढची ओवी?" दर्शनानं विचारलं.

आत्या विळी आडवी करून दारात आली. हात ओले होते. "पुढची ओवी माझ्याकडे आहे, वहिनी. बोलवा, येते."

शुभाताई हळदीकडे बघत राहिल्या. कुणीच बोलावलं नाही. मग हळद मुकीच कांडली गेली. धप. धप.

आत्यानं हात पुसले. "ऋता, तुझी ती तालमीची खोली आज उघडी असेल का गं?"

लग्नानंतर दहा दिवसांनी गोरेगावला प्रयोग झाला. मंचावर एक मुसळ आणि उभी आत्या. एकतीस ओव्या जुन्या होत्या, बत्तिसावी तिनं त्या खोलीत स्वतः रचली होती:

उंबऱ्याच्या आड, उभी कोण गं एकली
तिच्याच गं ओवीनं, हळद तुमची माखली

पहिल्या रांगेतली एक खुर्ची ऋतानं आईसाठी राखली होती. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली.

लगेच शुभाताईंना नावं ठेवू नका. तुमच्या घरी घाणा भरला, तेव्हा दाराआड काकडी कोण चोचवत होतं, तेवढं आठवून बघा.